कोबा रंगवण्याआधी

८ एप्रिल २०१९, सोमवार

एजंटबाई सगळं घर हिंडली आणि शेवटी गॅरेजच्या दारात थांबून म्हणाली, "तोवे, हा कोबा तेवढा रंगवून घ्या. राखाडी. बाकी घर इतकं नीटनेटकं, आणि इथं आलं की माणसाचा चेहरा पडतो."

एकतीस वर्षांत मी त्या कोब्याकडे कधी निरखून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकांबरोबर आत येतं आणि कोबा खातं, तशी खड्ड्याखड्ड्यांची नक्षी झाली आहे. उजव्या बाजूला माझ्या नवऱ्यानं, एगॉननं, रबराची जाड चटई घातली होती, तेवढाच भाग झाकलेला.

गिऱ्हाईक मिळालं हे नशीबच. सिग्ने आणि रासमुस. दोघंही तिशीच्या आतली, ऑगस्टमध्ये बाळ होणार. सिग्ने मातीची भांडी करते. तिला गॅरेजमध्ये चाक मांडायचंय आणि बाळाला शेजारीच रांगायला सोडायचंय. सह्या १५ मेला. ऑर्हुस शहरातला फ्लॅट तोवर माझ्यासाठी थांबवून ठेवला आहे: दोन खोल्या, तिसरा मजला, मेरेतेच्या घरापासून चालत सात मिनिटं. मुलगी आणि नातवंडं सात मिनिटांवर.

मग चार पानांचा फॉर्म भरला. घर विकणाऱ्याला काय काय ठाऊक आहे ते त्यात विचारतात. छप्पर गळतं का, भिंतींना तडे आहेत का, घर तापवायच्या तेलाची टाकी जमिनीत पुरलेली आहे का. आहे, नाही, माहीत नाही. मी 'नाही'वर खूण केली. आमच्या गल्लीत गावाच्या गरम पाण्याची लाइन आली तेव्हा, सत्त्याऐंशी साली, एगॉननं टाकी काढली होती. फायलीत तसा कागद आहे. त्याचं कामच ते. पंचेचाळीस वर्षं त्यानं गावात नळ आणि घर तापवायची यंत्रं बसवली, आणि जुन्या टाक्या काढल्याच्या कागदांवर त्याचीच सही असायची.

एगॉनला जाऊन आज पाच महिने झाले. नोंद करून ठेवते, एवढंच.

११ एप्रिल, गुरुवार

ग्रंथालयातून घरदुरुस्तीचं जाडजूड पुस्तक आणलं. माझी शाळा सातवीत सुटली, पुढं तीस वर्षं शाळेच्याच स्वयंपाकघरात बटाटे सोलले. जे काही येतं ते पुस्तकांतून आलं. म्हणून कोब्याचं प्रकरणही मी पहिल्या ओळीपासून वाचलं. त्यात म्हटलंय की रंग लावणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात लहान काम. आधी गॅरेज रिकामं करा, झाडा, तारेच्या ब्रशनं खरवडा, तेलकट डाग काढा, भेगांत लांबी भरा, ओल आहे का तपासा. मग अस्तर. मग रंगाचे दोन हात.

गॅरेज रिकामं करायलाच दोन दिवस गेले. एगॉनचे नळाचे जोड डब्यांत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर माप. त्याचं अक्षर इतकं नेटकं की एक डबा उचलून मी बराच वेळ पायरीवर बसले.

शेवटी रबराची चटई. ती कोब्याला चिकटून बसली होती, सुरीनं कापून काढावी लागली. खाली दरवाजाएवढा काळसर डाग. गाडीचं तेल, दुसरं काय. गाडी फेब्रुवारीतच विकली. मात्र एगॉन गाडीतून थेंबही गळू द्यायचा नाही.

तेवढ्यात समोरच्या घरातून प्रेबेन आला. चाळीस वर्षांपासूनचा शेजारी, एगॉनचा जिवलग. आयुष्यभर काँक्रीटचा ट्रक चालवला. त्याची बायको कारेन जाऊन सहा वर्षं झाली.

"काय गं, भूकंप झाला का इथं?"

"कोबा रंगवतेय."

त्यानं डागाकडे पाहिलं. टोपी काढली, परत घातली. "एवढा पसारा कशाला? झाडू मार आणि रंग लाव. दोन तासांचं काम. मी करून देतो."

"पुस्तकात रंगाआधी सहा पायऱ्या दिल्यात."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं जन्मात कधी रोलर धरलाय का?"

"तू तरी धरलायस का?"

"मी ट्रक धरलाय," म्हणाला, "ते जड असतं." आणि कॉफी न घेताच गेला. प्रेबेन कॉफी न घेता जातो असं कधी होत नाही.

१३ एप्रिल, शनिवार

सकाळपासून गुडघ्यांवर बसून खरवडतेय. डागावर तेल काढायचं द्रावण ओतलं, वीस मिनिटं थांबले, घासलं, गरम पाण्यानं धुतलं. डाग फिका झाला. जेवून आले तर पुन्हा गडद. असं तीनदा झालं.

प्रेबेन राखाडी रंगाचे दोन डबे घेऊन दारात हजर. न सांगता विकत आणलेले. अंगात इस्त्रीचा सदरा.

"उद्या रविवार," म्हणाला. "सकाळी लावायला घेऊ, दुपारी मोकळे."

"ओल तपासायची राहिलीय."

"तोवे, ओल कसली गं? हा कोबा मी स्वतः ओतलाय. माझ्या ट्रकमधला आहे."

"म्हणजे तुझा ट्रक पुस्तकापेक्षा मोठा?"

हसला नाही. हातातले डबे आणखी पुढे केले. मला एकदम वेगळीच शंका आली. हा गेल्या आठवड्यात चार वेळा आला. आज इस्त्री. एगॉनला सहा महिनेसुद्धा झालेले नाहीत, आणि या वयात! डबे ठेवून घेतले, आभार मानले, आणि दार जरा लवकरच लावलं.

१७ एप्रिल, बुधवार

ओल तपासायची रीत अगदी सोपी आहे. प्लास्टिकचे चौकोनी तुकडे कोब्यावर ठेवायचे, चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करायच्या, पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. खालून ओल येत असेल तर प्लास्टिकच्या आत थेंब जमतात. तसं झालं तर रंग लावायचा नाही, कारण ओल खालून रंग उचलते आणि पोपडे निघतात.

काल तीन तुकडे लावले होते: एक दाराशी, एक मागच्या भिंतीशी, एक डागावर. आज पाहिलं तर डागावरचा उचकटलेला. प्रेबेन शिडी परत मागायला आला होता, म्हणाला पाय अडकला.

शिडी त्याच्याच घरी आहे. बिचारा काहीतरी निमित्त काढून येतो. मी पुन्हा चिकटवला आणि या वेळी गॅरेजला कुलूप लावलं.

२२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

मेरेते मुलांना घेऊन आली होती. कोकराचं मांस जरा जास्तच भाजलं गेलं, पण सगळ्यांनी खाल्लं. मुलं बागेत. मेरेते गॅरेजमध्ये आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, तू कोबा रंगवतेयस की परीक्षेला बसलीयस?"

"नीट करायचं तर नीट करायचं."

"अगं, पंधरा दिवस झाले! माणूस बोलावते मी. एका दिवसात उरकेल. तिकडे फ्लॅटवाले विचारताहेत, किल्ल्या कधी घेणार म्हणून."

"१५ मे."

"धाकटा रोज विचारतो, आजी कधी येणार. मी त्याला काय सांगू, आजी प्लास्टिक चिकटवतेय?" मग नाक वर करून म्हणाली, "वास कसला येतोय?"

"द्रावणाचा."

"बाबा मला इथं कधी खेळूच द्यायचे नाहीत, आठवतंय? खडूनं चौकोन काढले होते मी एकदा. केवढे ओरडले! एरवी आवाज न चढवणारा माणूस."

मला आठवत नव्हतं. तिचं बालपण मला सगळं आठवतं असं मी समजत होते.

२३ एप्रिल, मंगळवार

ईस्टरच्या गडबडीत तुकडे सहा दिवस राहिले. आज काढले. दाराशी कोरडा, भिंतीशी कोरडा. डागावरच्या प्लास्टिकला आतून थेंब, आणि थेंबांवर इंद्रधनुष्यासारखी साय. हुंगून पाहिलं. तळघरात पेटवायच्या यंत्राचा वास. सत्त्याऐंशीच्या आधीच्या प्रत्येक हिवाळ्यात घरभर हाच वास असायचा, कपड्यांनासुद्धा.

जुन्या काळी काहीतरी सांडलं असेल. कोब्यात मुरून राहिलं असेल.

२६ एप्रिल, शुक्रवार

ते प्लास्टिक पिशवीत घालून रंगाच्या दुकानात नेलं. दुकानातली बाई माझ्याच वयाची, नखांत रंग. तिनं पिशवी उघडली, हुंगली आणि लगेच बंद केली.

"बाई, हे गाडीचं तेल नाही. हे घर तापवायचं तेल."

"सांडलं असेल कधी."

"वरून सांडलेलं एव्हाना वाळून गेलं असतं. हे खालून येतंय. तुमच्याकडे टाकी होती का?"

"होती. काढली."

"नक्की?"

"माझा नवरा तेच काम करायचा," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच म्हटलं.

ती पिशवी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "तरी रंग लावू नका. मी रंग विकते, पण तुम्हाला सांगते, लावू नका."

घरी येईपर्यंत मी तिच्यावर चिडलेली होते. परक्या बाईनं एगॉनच्या कामाबद्दल 'नक्की?' विचारावं!

२९ एप्रिल, सोमवार

फाइल काढली. कागद आहे. 'टाकी रिकामी करून, खणून काढून, वाहून नेली.' १४ ऑक्टोबर १९८७. खाली एगॉनची सही, मालक म्हणूनही तीच आणि काम करणारा म्हणूनही तीच.

१४ ऑक्टोबरला मी दवाखान्यात होते. ९ तारखेपासून २० तारखेपर्यंत. घरी आले तेव्हा गॅरेजमध्ये नवा कोबा घातलेला होता, अजून ओलसर, वर फळ्या टाकलेल्या. ओतला १७ तारखेला, शनिवारी. तो शनिवार मी विसरणार नाही, कारण त्या दिवशी एगॉन मला भेटायला आला नव्हता. त्या कोब्यावरून मी त्याच्यावर किती रागावले होते! तोंडानं काही बोलले नाही. का रागावले ते इथंही लिहीत नाही.

आता हिशेब तारखांचा. बुधवारी गॅरेजच्या जमिनीतली टाकी काढली. दोन माणसं उभी राहतील एवढा खड्डा. शनिवारी त्याच जागी कोबा. पुस्तकात लिहिलंय की भरलेली माती बसायला महिने लागतात, नाहीतर वरचा कोबा खचतो. आमचा कोबा एकतीस वर्षांत बोटभरही खचलेला नाही.

इथं थांबते.

४ मे, शनिवार

अंधार पडताच खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. युद्ध संपल्याची रात्र, गल्लीत सगळ्यांच्याच खिडक्या उजळलेल्या. प्रेबेन दरवर्षीसारखा आला. आज कॉफी घेतली. मी त्याला निम्मा कप पिऊ दिला आणि विचारलं.

"प्रेबेन, टाकी खालीच आहे का?"

त्यानं कप बशीत ठेवायला फार वेळ लावला. "तुला कधी कळलं?"

"आत्ता."

मग तो बोलला. मध्ये मी एकदाही बोलले नाही, म्हणून त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते.

"तू दवाखान्यात होतीस. बुधवारी टाकी काढायचं ठरलं होतं. एगॉननं तेल उपसलं, तळाचं थोडं राहिलं. मग खणायला घेतलं. मी फाटकातून बघत होतो. चार-पाच फावडी माती काढली आणि थांबला तो थांबलाच. मी जवळ गेलो. मला म्हणाला, 'प्रेबेन, मला या आठवड्यात खड्डा खणता येत नाही.' सोमवारीच तो दफनभूमीवर एकटा जाऊन आला होता, तोवे. तुला उठू देत नव्हते. एवढीशी पेटी, आणि तो एकटा. मग मीच म्हटलं, नको खणूस. शनिवारी ट्रक घेऊन येतो, वरून ओतून टाकू. कल्पना माझी. त्याची नव्हती."

"सही?"

"सही त्याची."

"बाकीची घरं? प्रेबेन, त्यानं गावभर सह्या केल्यात."

"बाकीच्या टाक्या त्यानं तळापर्यंत काढल्या. तुमच्या टाकीनंतर तर जास्तच. लोक वैतागायचे, एवढं कशाला खणतोस म्हणून. शपथ घेऊन सांगतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "रंगव ना गं. एकतीस वर्षं काही झालं नाही. तो गेला, आता त्याच्या नावाला कशाला बट्टा?"

म्हणजे इस्त्रीचा सदरा यासाठी. मी काय काय समजले होते! हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही.

आमचा मुलगा दोन दिवस जगला. हे मी या वहीत, आणि हिच्या आधीच्या कुठल्याच वहीत, लिहिलेलं नाही. एगॉन आणि मी त्याच्याबद्दल कधीच बोललो नाही. मी घरी आले, ओला कोबा पाहिला आणि मनात म्हटलं, पोरगा गेला आणि या माणसाला गॅरेज सुचतं. एकतीस वर्षं मी ते मनात ठेवलं. त्याच्या शेवटच्या आजारपणात त्याला पाणी पाजतानासुद्धा ते कुठंतरी होतंच.

बागेतलं खणायचं काम पहिल्यापासून मीच करत आलेय. मी समजायचे, त्याची पाठ दुखते.

६ मे, सोमवार

आज जे केलं ते लिहिते. प्रेबेनचा एक डबा उघडला, ढवळला, ट्रेमध्ये ओतला आणि दाराशी, कोरड्या भागात, एक पट्टा लावला. न घासता, न अस्तर लावता. वाळायच्या आत किती देखणा दिसत होता! एजंटबाईचं म्हणणं खरं होतं. मी रोलर घेऊन डागाच्या दिशेनं सरकत गेले. हातभर अंतर राहिलं होतं.

तेवढ्यात फोन. सिग्ने. "तोवे, सहज विचारते हं, कोबा वाळला का? आम्ही गालिचा बघायला आलोय. बाळाला थंड लागेल ना खालून."

"वाळतोय," मी म्हटलं.

असं मी म्हटलं. 'वाळतोय.' अगदी सहज, गोड आवाजात. फोन ठेवल्यावर रोलर धुवायलाही सुचलं नाही; तो ट्रेमध्येच कडक झाला.

एगॉन खणू शकला नाही. मला काय झालंय? मला तर नुसतं बोलायचंय. पण बोलले की फ्लॅट गेला, सात मिनिटं गेली, आणि गावातल्या प्रत्येक तळघरात एगॉनचं नाव वेगळ्या सुरात घेतलं जाणार. आणि न बोलले तर ऑगस्टमध्ये एक बाळ त्या वासावर झोपेल. आमच्या बाळासाठी झाकलेलं त्यांच्या बाळाच्या नाकाखाली ठेवायचं.

९ मे, गुरुवार

सिग्नेला फोन केला. पहिलंच वाक्य: "सोमवारी मी तुझ्याशी खोटं बोलले." पुढचं मग आपोआप आलं. टाकी, तेल, एगॉनची सही. मुलाचं सांगितलं नाही. ते तिच्या पोटातल्या बाळाला कशाला ऐकवायचं.

तिनं फोन रासमुसकडे दिला. त्यानं आभार मानले, फार सभ्यपणे, आणि म्हणाला, विचार करून सांगतो. संध्याकाळी एजंटबाईचा फोन आला. ते माघार घेताहेत.

"तुम्हाला ठाऊकच नव्हतं असं म्हणता आलं असतं," ती म्हणाली.

"आठ एप्रिलला म्हणता आलं असतं," मी म्हटलं. "आज नाही."

नवा फॉर्म मागवला. नगरपालिकेलाही कळवलं.

१२ मे, रविवार

मेरेतेचा फोन. फ्लॅट दुसऱ्या कुणाला दिला.

"आई, मला एकदा विचारायचं तरी! बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही आणि तू गावाला सांगत सुटलीस, की माझ्या नवऱ्यानं खोटी सही केली?"

"केली होती."

"का पण? बाबांनी असं का करावं?"

ती तेव्हा चार वर्षांची होती. त्या दहा दिवसांत ती माझ्या बहिणीकडे होती, आणि नंतर आम्ही तिला सांगितलंच नाही. मी म्हटलं, "भेटलीस की सांगते."

"नेहमीसारखं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चूक तिची नाही. आम्ही दोघांनी तिला तसंच वाढवलं.

२१ मे, मंगळवार

नगरपालिकेचा माणूस आला. चाळिशीचा, शांत, पायांत रबरी बूट. त्यानं यंत्रानं कोब्याला दोन भोकं पाडली, लांब नळी घालून माती वर काढली, बाटल्यांत भरली. टाकी आहे. तळाला गंजली आहे. किती पसरलंय ते तपासणीनंतर कळेल. कोबा मात्र सगळा फोडावा लागेल.

मग स्वयंपाकघरात बसून कागद भरले. मी १९८७ चा कागद पुढे केला. त्यानं वाचला, सही पाहिली.

"एगॉन? हे आमच्याकडे किती तरी कागदांवर आहेत."

"हो."

त्यानं पेन उचललं. मग हळूच म्हणाला, "बाई, त्या काळी कागदांत गोंधळ व्हायचे. रिकामी केली आणि काढली, यात लोक घोटाळा करायचे. मी 'अनवधानानं चुकीची नोंद' असं लिहू शकतो. तेवढ्यावर संपेल."

"आणि तसं नाही लिहिलं तर?"

"जाणूनबुजून केली असं लिहिलं, तर त्यांच्या सहीची बाकीची घरंही आम्हाला तपासावी लागतील. एकेका दारात जाऊन. गावात बोलणं होईल. तुम्ही इथंच राहणार आहात ना आता?"

"इथंच."

त्याचं पेन वर धरलेलं होतं. चांगला माणूस. मला पळवाट देत होता आणि ती घ्यायला मला लाजही वाटू देत नव्हता. मी प्रेबेनची शपथ आठवली. पण ती प्रेबेनची शपथ, आणि प्रेबेन एकतीस वर्षं गप्प राहिलेला माणूस. मला स्वतःला काय ठाऊक आहे? मला डब्यांवरच्या चिठ्ठ्या ठाऊक आहेत. एगॉन रात्री जेवायला उशिरा यायचा आणि म्हणायचा, अमक्याची टाकी तळाशी चिखलात रुतली होती, तशी सोडून कसा येऊ. हे मी ऐकलंय. शंभरदा ऐकलंय.

"अनवधान नव्हतं," मी म्हटलं. "त्याला ठाऊक होतं. तसं लिहा. आणि बाकीची घरं तपासा. ती बरोबर निघतील."

"आणि नाही निघाली तर?"

"तर त्या लोकांना कळायला हवं. त्यांचीही मुलं तिथं खेळतात."

त्यानं लिहिलं. मी सही केली. पुढं 'कारण' असा रकाना नव्हता आणि त्यानंही विचारलं नाही. कागद गोळा केले, कॉफीचे आभार मानले, दाराशी जाऊन बूट चढवायला लागला. एक बूट चढला होता.

"त्या आठवड्यात आमचा मुलगा गेला होता," मी म्हटलं. "सोमवारी त्याला पुरलं. बुधवारी एगॉनला खड्डा खणायचा होता."

तो वाकलेला तसाच थांबला. मग चढवलेला बूट काढला, दुसऱ्याशेजारी नीट ठेवला, आणि मोज्यांवर चालत परत टेबलाशी येऊन बसला.

"मुलाचं नाव काय होतं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.